‘काही लागलं तर सांग’ म्हणून थांबू नका

मैत्रिणीच्या गाठीचा रिपोर्ट आला त्या संध्याकाळी आमच्या शाळेच्या ग्रुपवर निरोपांची रांग लागली. ‘काळजी घे’, ‘तू फायटर आहेस’, ‘देव पाठीशी आहे’, ‘काही लागलं तर सांग’. यातला शेवटचा निरोप माझा होता. त्यानंतर तीन आठवडे मी तिला फोन केला नाही. काय बोलायचं तेच सुचत नव्हतं. चुकीचं बोलून तिला दुखावण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. शेवटी फोन तिनंच केला. ‘अगं, आजारी मी आहे. तुला काय झालं?’

तोवर तिचा पहिला डोस होऊन गेला होता. ‘काही लागलं तर सांग’ या वाक्याचं पुढं काय होतं, हे तिनं मला त्या दिवशी समजावलं. काय लागणार आहे ते आपणच शोधायचं, कुणाला सांगायचं ते ठरवायचं, त्या माणसाला जमेल का याचा अंदाज घ्यायचा आणि मग संकोच बाजूला ठेवून मागायचं. एवढी ताकद असती तर मदत लागलीच नसती! वाक्य मनापासून असतं, पण काम सगळं पेशंटवरच पडतं.

कॅन्सर झालेल्या मित्राला किंवा मैत्रिणीला खरी मदत करायची असेल, तर उपचार शरीराशी काय करतात हे थोडं समजून घ्यावं लागतं. मग काय करायचं, कधी करायचं आणि काय टाळायचं, हे बरंचसं आपोआप उमगतं.

सायकलचा कितवा दिवस?

केमोथेरपीची औषधं झपाट्यानं वाढणाऱ्या पेशींवर घाला घालतात. कॅन्सरच्या पेशी तशा असतात, पण केसांच्या मुळातल्या, तोंडाच्या व आतड्याच्या अस्तरातल्या आणि हाडांच्या मगजात रक्त तयार करणाऱ्या पेशीही तशाच असतात. म्हणून केस गळतात, तोंड येतं, रक्तातल्या पेशी कमी होतात. शरीराला सावरायला वेळ मिळावा म्हणून डोसांमध्ये अंतर ठेवतात. अनेक उपचारांत ते २१ दिवसांचं असतं.

या २१ दिवसांतला प्रत्येक आठवडा वेगळा असतो. पहिले तीन-चार दिवस मळमळ आणि गळून गेल्यासारखं वाटणं. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांच्या दरम्यान पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात आणि संसर्गाचा धोका वाढतो. तिसऱ्या आठवड्यात माणूस पुन्हा माणसात येतो आणि तेवढ्यात पुढच्या डोसची तारीख येते. औषधांप्रमाणे यात फरक पडतो, पण ढोबळ नकाशा हा असा. त्यामुळे भेटायला जायचं तर ‘कधी येऊ?’ याच्या जोडीला ‘डोस कधी झाला?’ हेही विचारावं. पहिल्या आठवड्यात दारात डबा ठेवून परत फिरावं, गप्पा तिसऱ्या आठवड्यासाठी राखून ठेवाव्यात.

सर्दी, खोकला, ताप असेल किंवा घरात कुणाला कांजिण्या असतील तर जाऊच नये. गेल्यावर आधी साबणानं हात धुवावेत. मात्र भीतीपोटी लांब राहू नये. कॅन्सर स्पर्शानं पसरत नाही. यंत्रातून बाहेरून दिलेल्या रेडिएशननंतर पेशंटच्या अंगात किरणं उरत नाहीत, त्यामुळे त्याला जवळ घेण्यात काहीही धोका नसतो. थायरॉइडच्या कॅन्सरसाठी किरणोत्सर्गी आयोडीन दिलेलं असेल तर काही दिवस अंतर ठेवायला सांगतात. त्या वेळी हॉस्पिटलच्या सूचना पाळाव्यात.

एक आकडा पेशंटच्या प्रत्येक जवळच्या माणसाला पाठ हवा: १००.४ अंश फॅरनहाइट. केमो सुरू असताना ताप इथवर गेला, तर ती तातडीची बाब असते. पांढऱ्या पेशी कमी असताना साधा वाटणारा संसर्ग काही तासांत गंभीर होऊ शकतो. ‘पॅरासिटामॉल घे, सकाळी बघू’ असं म्हणणं इथं महागात पडतं. लगेच हॉस्पिटलला फोन करून सांगतील तसं निघायचं. म्हणूनच ‘रात्री दोनला फोन केलास तरी मी गाडी घेऊन येईन’ हे वाक्य फार मोलाचं आहे. अर्थात ते खरं असेल तरच उच्चारावं.

डबा कसा असावा?

आपल्याकडे माया दाखवायची म्हणजे खाऊ घालायचं. पण केमोच्या काळात जिभेची चव बदलते. कुणाला सगळं धातूसारखं लागतं, कुणाला फोडणीच्या वासानंच उमळून येतं. आदल्या महिन्यात आवडलेली आमटी या महिन्यात नकोशी होते. तो आपल्या स्वयंपाकाचा अपमान नसतो. म्हणून डबा न्यायच्या आधी ‘आज काय जाईल?’ एवढं विचारावं. थोडं थोडं आणि मऊ असावं. गरम पदार्थाला वास जास्त येतो, त्यामुळे कोमट किंवा गार पदार्थ पुष्कळदा बरे पडतात. तोंड आलेलं असेल तर तिखट आणि आंबट नकोच. मुगाची पातळ खिचडी, तूप-मेतकूट-भात, रव्याची खीर अशा बाळबोध पदार्थांना या काळात सोन्याचं मोल येतं. पेशी कमी असताना बाहेरचा उसाचा रस, पाणीपुरी, चिरून ठेवलेली फळं टाळावीत. डबा परत द्यायची घाई नाही, हेही सांगून टाकावं.

डब्याबरोबर सल्ला मात्र नेऊ नये. कुणाच्या तरी काकांना अमुक काढ्यानं गुण आला, हे प्रत्येक पेशंटला दिवसातून दोनदा ऐकावं लागतं. केमोची बरीच औषधं यकृतातून शरीराबाहेर पडतात, आणि वनस्पतींची औषधंही तिथंच पोहोचतात. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली होती. ते कॅन्सरचे पेशंट नव्हते, पण ‘नैसर्गिक आहे म्हणजे अपाय नाही’ हे गृहीत धरता येत नाही, एवढं त्यातून दिसतं. असं काही द्यायचंच असेल तर आधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारावं.

‘पॉझिटिव्ह राहा’चं ओझं

सर्वांत जास्त दिला जाणारा सल्ला म्हणजे ‘पॉझिटिव्ह राहा’. तो देताना आपला हेतू चांगलाच असतो. पण त्याचा दुसरा अर्थ पेशंटपर्यंत पोहोचतो: रडलीस तर आजार वाढेल, आणि वाढला तर दोष तुझा. अमेरिकेत डोकं व मानेच्या कॅन्सरच्या हजारावर रुग्णांच्या माहितीचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. मनःस्थिती चांगली असण्याचा आणि जास्त जगण्याचा संबंध त्यात आढळला नाही. न्यूयॉर्कच्या मानसोपचारतज्ज्ञ जिमी हॉलंड यांनी कॅन्सर रुग्णांच्या मनाचा अभ्यास ही स्वतंत्र शाखा उभी करण्यात मोठा वाटा उचलला. सकारात्मक विचारांची ही सक्ती म्हणजे रुग्णावरचा जुलूमच आहे, असं त्या सांगत.

मग आपल्या असण्यानं काही फरक पडतो की नाही? अमेरिकेतल्या परिचारिकांच्या एका दीर्घकालीन अभ्यासात स्तनांचा कॅन्सर झालेल्या २,८०० हून अधिक स्त्रियांची माहिती होती. आजारापूर्वी ज्या एकाकी होत्या, ज्यांना जवळची माणसं फारशी नव्हती, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं. हे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. अशा अभ्यासातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. पण देखभाल करणारी माणसं हाताशी असणं हे त्यामागचं एक कारण असावं, असं संशोधकांना वाटलं. दोन्ही अभ्यास शेजारी ठेवले की मित्रांनी काय करायचं ते कळतं. तिला हसवत ठेवण्याची जबाबदारी आपली नाही. ती रडली तरी आपण तिथं असावं, आणि पुढच्या तपासणीला ती वेळेवर पोहोचावी, हे पाहणं आपल्या हातात आहे.

तरी बोलायचं काय, हा प्रश्न उरतोच. सुझन सिल्क या मानसशास्त्रज्ञ आणि बॅरी गोल्डमन यांनी २०१३ मध्ये ‘लॉस एंजेलिस टाइम्स’मधल्या लेखात एक सोपी युक्ती सांगितली. सिल्क यांना स्वतःला स्तनांचा कॅन्सर झाला होता. पेशंटभोवती वर्तुळं काढा. मध्यभागी पेशंट, त्याबाहेर नवरा किंवा बायको, मग आईवडील व मुलं, मग जिवलग मित्र, मग ऑफिसातले व शेजारचे. नियम एकच: आतल्या वर्तुळाकडे फक्त आधार जाऊ द्यायचा, आपलं रडगाणं बाहेरच्या वर्तुळाकडे न्यायचं. ‘तुझं ऐकून मला रात्रभर झोप आली नाही’ हे खरं असलं तरी तिला सांगायचं नाही. ते आपल्या घरच्यांना सांगावं.

‘मला काय बोलावं ते कळत नाहीये, पण मी आहे’ हे वाक्य पुरेसं असतं. कधी आजाराविषयी बोलावं, कधी मालिकेविषयी, कधी सोसायटीतल्या पाण्याच्या भांडणाविषयी. आणि तिची बातमी तिच्या परवानगीशिवाय कुठल्याही ग्रुपवर टाकू नये. केस गेलेले फोटो तर नाहीच.

नेमकं काम, नेमका वार

‘गुरुवारचा रात्रीचा डबा माझा. नको असेल तर दुपारपर्यंत कळव.’ अशा वाक्याला फक्त हो किंवा नाही म्हणायचं असतं. मुलांना क्लासला सोडणं, विजेचं बिल भरणं, भाजी आणणं, घरातल्या आजीला औषध देणं, रक्ततपासणीचे रिपोर्ट आणणं, अशी कामं वाटून घेता येतात. चार मैत्रिणींनी वार ठरवले की कुणा एकीवर भार येत नाही.

डॉक्टरांकडे सोबत जाणं हेही मोठं काम. घाबरलेल्या माणसाच्या कानावर पडलेलं निम्मं मनात राहत नाही. आदल्या दिवशी प्रश्न कागदावर काढावेत, तिथं उत्तरं लिहून घ्यावीत, फाइल तारखेप्रमाणे लावून ठेवावी. बोलावं मात्र तिनंच.

खर्चाचा विषय काढायला आपण अवघडतो, पण तिथं पायपीट करणाऱ्या माणसाची खरी गरज असते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे अनेक उपचार बसतात. हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला भेटून कागदपत्रं जुळवणं हे काम मित्र करू शकतो. उपचारांसाठी जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला आणि सोबतच्या माणसाला रेल्वेभाड्यात सवलत असते, त्यासाठी हॉस्पिटलचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. १९४१ मध्ये परळला सुरू झालेल्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलात आजही विदर्भ-मराठवाड्यातून आणि परराज्यांतून माणसं येतात. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी अनेकांची सोय होते. अशा वेळी मुंबईत राहणारा शाळासोबती घरचं जेवण आणि शहराची माहिती एवढं जरी देऊ शकला, तरी परकेपण बरंच कमी होतं.

रक्ताच्या कॅन्सरमध्ये प्लेटलेट वारंवार लागतात. दान केलेल्या प्लेटलेट साधारण पाचच दिवस टिकतात, त्यामुळे साठा करता येत नाही. कोण कधी देऊ शकेल याची यादी आधीच करून ठेवणं ही मित्रमंडळींनी घेण्यासारखी जबाबदारी. देणाऱ्यानं आधीच्या तीन दिवसांत अ‍ॅस्पिरिन घेतलेलं चालत नाही, हेही लक्षात ठेवावं.

आणि पेशंटशेजारी बसणाऱ्या माणसाला विसरू नये. माझ्या मैत्रिणीच्या नवऱ्याला कुणी ‘तुम्ही जेवलात का?’ असं विचारलं नव्हतं. रविवारी दोन तास आम्ही तिच्याजवळ बसायला लागल्यावर तो केस कापून आला आणि एक झोप काढून घेतली.

शेवटच्या डोसनंतर

शेवटचा डोस झाला की पेढे वाटले जातात आणि माणसं पांगतात. पेशंटला मात्र तेव्हाच मोकळं वाटतं असं नाही. थकवा महिनोन्‌महिने राहू शकतो, आणि तो नुसत्या विश्रांतीनं जात नाही. डॉक्टरांची हरकत नसेल तर रोज थोडं चालण्यानं फायदा होतो, म्हणून फिरायला सोबत करावी. काही औषधांनी बोटांना बधिरपणा येतो. माझ्या मैत्रिणीला कित्येक दिवस ब्लाउजची हुकं लावता येत नव्हती. दर तपासणीच्या आधीचा आठवडा तिच्यासाठी फार वाईट जायचा, जरा पाठ दुखली तरी परत आलं की काय असं वाटायचं.

काहींच्या बाबतीत उपचारांना यश येत नाही. तेव्हा मित्रानं मरणाचा विषय काढला की आपण झटकन म्हणतो, ‘असं अभद्र बोलू नकोस.’ दार बंद होतं, आणि तो माणूस एकटा पडतो. त्याला मुलांविषयी, बँकेच्या खात्यांविषयी, नाही तर नुसत्या भीतीविषयी बोलायचं असू शकतं. त्या वेळी तोडगा सुचवायचा नसतो. ऐकायचं असतं. हे सर्वांत अवघड काम आहे, आणि ते करायला फार थोडी माणसं मिळतात.

माझ्या मैत्रिणीची पुढची तपासणी येत्या महिन्यात आहे. तारीख मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे. आदल्या आठवड्यात फोन करायची पाळी या वेळी माझी आहे.