गल्ल्यातली न दिसणारी कपात

मजुरांच्या संघटनेत आयुष्य गेलेल्या माणसाने दुकानदारीवर काय बोलावे, अशी शंका काही श्रोत्यांस येईल. आमचे उत्तर सरळ आहे. कपात मजुरीतली असो की गल्ल्यातली, ती कोण करतो, किती करतो आणि कशाबद्दल करतो, हे ज्याचा पैसा जातो त्यास कळलेच पाहिजे. मजुरीतल्या कपातीला १९३६ च्या वेतन कायद्याने मर्यादा घातली. विडी कामगार 'छाट' म्हणून बाजूला टाकलेल्या विड्यांचा हिशेब मागू लागला. क्रेडिट कार्ड घेणाऱ्या लहान दुकानदाराने हीच सवय लावून घ्यावी, एवढेच आमचे सांगणे आहे.

गोंदिया-बल्लारशा रेल्वेमार्गावरील आपल्या सौंदडसारख्या गावात उधारी नवी नाही. धान विकले की खाते फेडायचे, ही जुनी रीत. तिच्यात भांडवल दुकानदाराचे अडकते आणि वसुलीची पायपीटही त्याचीच. क्रेडिट कार्डात उधार देते ती कार्ड देणारी बँक. तिचे पैसे गिऱ्हाईक पुढे मुदतीत फेडते. दुकानदाराच्या खात्यात रक्कम बहुधा एक-दोन दिवसांत जमा होते. हा फायदा खरा आहे.

परंतु तो फुकट नाही. समजा, ५,००० रुपयांचा माल विकला आणि करारातला दर शेकडा २ आहे. १०० रुपये कापले जातील. त्यावर शेकडा १८ प्रमाणे वस्तू व सेवा कर आणखी १८ रुपये. हाती आले ४,८८२. त्या मालावर नफा शेकडा ५, म्हणजे २५० रुपये असेल, तर जवळजवळ निम्मा नफा गेला! त्या १०० रुपयांत वाटेकरी तीन : कार्ड देणारी बँक, व्हिसा किंवा रुपे यांसारखी मधली यंत्रणा आणि दुकानात यंत्र बसविणारी बँक. मोठा वाटा पहिलीचा.

सगळी कार्डे सारखी नव्हेत. डेबिट कार्डात पैसा गिऱ्हाईकाच्या स्वतःच्या खात्यातून येतो. वर्षाला २० लाखांपर्यंत उलाढाल असणाऱ्या दुकानदाराकडून यंत्रावरील डेबिट व्यवहारास शेकडा ०.४० हून अधिक घेऊ नये, असे रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०१८ पासून ठरविले. रुपे डेबिट कार्ड व यूपीआय यांवरील आकार १ जानेवारी २०२० पासून शून्य करण्यात आला. क्रेडिट कार्डाचा दर मात्र करारात ठरतो.

ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यातले धसई गाव डिसेंबर २०१६ मध्ये रोखीविना व्यवहाराबद्दल राज्यभर गाजले. बँकेने तेथील दुकानदारांस यंत्रे दिली. यंत्र बसविणे सोपे असते. त्यामागचा हिशेब समजून घेणे हे खरे काम. म्हणून सही करण्यापूर्वी विचारावे : डेबिटचा दर किती, क्रेडिटचा किती, यंत्राचे भाडे किती, रक्कम कधी जमा होणार? प्रत्येक पावती जपून ठेवावी. गिऱ्हाईकाने व्यवहारावर तक्रार केली, तर बँक पुरावा मागते, आणि तो नसेल तर रक्कम परत वळती होऊ शकते. महिनाअखेर विक्री व जमा यांचा ताळा घ्यावा.

एकट्या दुकानदाराला बँक छापील दर सांगते. बाजारपेठेतल्या वीस दुकानदारांनी मिळून विचारले, तर बोलणी करता येतात. मजुरांनी हे फार पूर्वी ओळखले; दुकानदारांनीही ओळखावे.