गिटशी गट्टी (लेखांक ९) : चुली वेगळ्या, कणगी एकच

मागच्या आठवड्यात आपण स्टॅश पाहिला. अर्धवट काम बाजूला ठेवायचं, दुसऱ्या ब्रँचवर जायचं, परत येऊन ते उचलायचं. या स्टॅशवर एकेकाळी माझाही भरवसा होता. तो कसा उडाला ते आधी सांगतो.

बिलिंगच्या मॉड्यूलवर तीन दिवस काम चाललं होतं. संध्याकाळी फोन आला : लाइव्ह सर्व्हरवर पावत्यांमधला कर चुकतोय, आत्ताच्या आत्ता दुरुस्त करा. मी स्टॅश केला, मुख्य ब्रँचवर आलो, दोन ओळी सुधारल्या, ‘गिट ॲड डॉट’ मारलं, कमिट केलं, पुश केलं. तो डॉट नडला. साधा स्टॅश गिटमध्ये अजून नोंद नसलेल्या नव्या फायलींना हात लावत नाही. माझी एक नवी फाइल फोल्डरमध्ये तशीच पडून होती, ती या दुरुस्तीबरोबर निघून गेली. नेमकी ती होती डेटाबेस मायग्रेशनची, अर्धी लिहिलेली. डिप्लॉय होताच ती चालली आणि खऱ्या ग्राहकांच्या टेबलात नको ते कॉलम उभे राहिले. रात्री दोनपर्यंत आम्ही तिघं ते निस्तरत होतो.

स्टॅशला नवी फाइलही घ्यायला सांगता येतं, हे खरं. पण दुखणं वेगळं होतं. दोन कामं एकाच फोल्डरमध्ये नांदत होती.

यावरचा उपाय गिटमध्ये जुलै २०१५ पासून, म्हणजे २.५ आवृत्तीपासून आहे : वर्कट्री. त्याआधी आणि आजही पुष्कळजण रेपो दुसऱ्या फोल्डरमध्ये पुन्हा क्लोन करतात. चालतं ते, पण सगळा इतिहास पुन्हा उतरवावा लागतो आणि एका क्लोनमधलं कमिट दुसऱ्याला आपोआप दिसत नाही. वर्कट्रीत तसं होत नाही. रेपोत उभं राहून ‘गिट वर्कट्री ॲड’ लिहायचं, पुढे नव्या फोल्डरचा पत्ता, त्यापुढे ब्रँचचं नाव. शेजारी दुसरं फोल्डर तयार होतं आणि तुमचं अर्धवट काम पहिल्या फोल्डरमध्ये जिथल्या तिथे राहतं.

त्या नव्या फोल्डरमधल्या लपलेल्या फायली एकदा जरूर बघा. मूळ रेपोत ‘डॉट गिट’ हे भलंमोठं फोल्डर असतं. इथे त्याच नावाची एक छोटी फाइल सापडते. आत एकच ओळ : मूळ रेपोतल्या एका कप्प्याचा पत्ता. त्या कप्प्यात या वर्कट्रीचं स्वतःचं हेड आणि स्वतःचा इंडेक्स. कमिट्स आणि ब्रँचेस मात्र सगळ्यांच्या सामाईक. एकत्र घरात भावांनी चुली वेगळ्या मांडाव्यात आणि धान्याची कणगी एकच ठेवावी, तसं. इथे केलेलं कमिट तिथे त्याच क्षणी हाताशी असतं.

एकच ब्रँच दोन वर्कट्रींमध्ये उघडायला गिट नकार देतं. काहीजण वैतागून जबरदस्तीचा पर्याय वापरतात. कृपा करून तसं करू नका. एकीकडे कमिट झालं की ब्रँच पुढे सरकते, दुसरीकडच्या फायली जुन्याच राहतात, आणि तिथून बेसावधपणे कमिट केलंत तर नवं काम पुसलं जातं. स्टॅशची यादीही सामाईक असते, त्यामुळे एका फोल्डरमधला स्टॅश दुसरीकडे चुकून उघडू शकतो.

आता खरी मेख. वर्कट्री फायली वेगळ्या करते, तेवढंच. नव्या फोल्डरमध्ये ‘डॉट एन्व्ह’ नसतं, ‘नोड मॉड्यूल्स’ नसतं, कारण ते गिटमध्ये नसतंच. ३००० नंबरचा पोर्ट पहिल्या सर्व्हरने धरलेला असतो. आणि डेटाबेस? तो एकच. एका ब्रँचने मायग्रेशन चालवून कॉलमचं नाव बदललं की दुसऱ्या ब्रँचचा कोड जुनं नाव शोधत कोसळतो. डॉकर कंपोझ फोल्डरच्या नावावरून प्रोजेक्टचं नाव ठरवतं, म्हणून फोल्डरची नावं वेगळी असली की कंटेनर आपसूक वेगळे होतात. पण फाइलमध्ये ठोकून लिहिलेला पोर्ट तिथेही आडवा येतो.

म्हणून आमच्या टीममध्ये रेपोतच एक छोटी स्क्रिप्ट ठेवली आहे. ती वर्कट्री तयार करते, ‘डॉट एन्व्ह’ची प्रत आणते, त्यात मोकळा पोर्ट आणि ब्रँचच्या नावाचा डेटाबेस भरते, मग पॅकेजेस इन्स्टॉल करते. लिहायला अर्धा दिवस लागला. हल्ली दोन-तीन एआय एजंट एकाच वेळी कामाला लावले जातात. ते एकाच फोल्डरमध्ये सोडले तर एकमेकांच्या फायली तुडवतात, आणि डेटाबेस सामाईक असेल तर एकाच्या चुकीने दुसऱ्याच्या टेस्ट्स पडतात. तिथे ही स्क्रिप्ट मला अत्यावश्यक वाटते.

काम संपलं की ‘गिट वर्कट्री रिमूव्ह’. कमिट न केलेलं काही उरलं असेल तर ते अडवतं. फोल्डर हाताने उडवलंत तर नोंद मागे राहते. ती ‘प्रून’ने साफ होते.

पुढच्या आठवड्यात बायसेक्ट. तोवर स्वतःच्या रेपोत एक वर्कट्री उघडून बघा, आणि त्यात कोडची पहिली ओळ लिहिण्याआधी ‘डॉट एन्व्ह’ची प्रत आणून तिच्यातलं डेटाबेसचं नाव बदला.