गव्हाशिवाय, तुपाशिवाय नानकटाई : कृती सोपी, सांभाळायची ती गिरणी

कोपरखैरणे : दिवाळी जवळ आली की रवा, मैदा, साखर आणि डालडा डब्यात भरून बेकरीत नेऊन द्यायचा आणि भाजलेली नानकटाई पत्र्याच्या डब्यात भरून आणायची, ही पद्धत अनेक गावांत अजून आहे. कोपरखैरणेत माथाडी कामगारांची वस्ती मोठी, त्यातले बरेच जण सातारा, सांगली, पुणे जिल्ह्यांतले. त्यामुळे फराळही गावाकडचाच. पण घरातल्या एखाद्या लेकराला डॉक्टरांनी गहू कायमचा बंद केला असेल, तर सणात पंचाईत होते. शंकरपाळी मैद्याची, करंजी मैद्याची, चिरोटे मैद्याचे आणि नानकटाईही मैद्याचीच. त्यात दुधाची ॲलर्जी असेल तर तूपही गेलं.

अशा घरासाठी नाचणी-ज्वारीची नानकटाई हा चांगला मार्ग आहे. त्यासाठी महागडं बदामाचं पीठ किंवा मोबाईलवरच्या रेसिपीत सांगतात तसली परदेशी पावडर लागत नाही.

गव्हात ग्लूटेन नावाचं प्रथिन असतं. कणकेला चिकटपणा येतो, चपाती लाटताना ताणली जाते, पाव फुगतो, तो यामुळेच. सातू म्हणजे जव आणि राय या धान्यांतही ते असतं. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका, वरी, राजगिरा, हरभरा यांत ते नसतं. म्हणून भाकरी थापावी लागते, चपातीसारखी लाटता येत नाही. आता नानकटाईचं बघा. ती खुसखुशीत हवी, चिवट नको. मैद्याच्या नानकटाईतही भरपूर मोहन घालून हा चिकटपणा मारावाच लागतो. म्हणजे गव्हाचा जो गुण पावाला हवा, तो इथे नकोच असतो. गव्हाशिवायचा पाव घरी करणं अवघड, नानकटाई मात्र पहिल्या-दुसऱ्या खेपेला जमते.

एक गैरसमज आधी काढायला हवा. खपली गहू ग्लूटेन-फ्री असतो, असं सर्रास सांगितलं जातं. ते चूक आहे. खपली हाही गहूच, त्यात ग्लूटेन असतं. रवा, दलिया, गव्हाच्या शेवया, लापशी हेही सगळं गव्हाचंच.

प्रमाण आणि कृती

नाचणीचं पीठ 1 वाटी, शाळूचं म्हणजे ज्वारीचं पीठ पाऊण वाटी आणि बेसन पाव वाटी. नाचणी आणि बेसन मंद आचेवर पाच-सहा मिनिटं, खमंग वास येईपर्यंत भाजून घ्या. हे टाळलं तर नानकटाईला कच्चट चव राहते. पीठ पूर्ण गार होऊ द्या. मग पाऊण ते एक वाटी पिठीसाखर, अर्धा छोटा चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ आणि वेलची मिसळा.

तुपाच्या जागी खोबऱ्याचं तेल घ्या, पण खाण्याचं. डोक्याला लावायची वासाची बाटली नव्हे. अर्धी वाटी पुरतं, गोळा वळेना तर चमचा-चमचा वाढवा. हे तेल साधारण 24 अंशांच्या खाली गोठतं. गोठलेलं तेल साखरेबरोबर फेसलं की तुपासारखं काम करतं. गावाकडे थंडीच्या सकाळी ते आपोआप गोठलेलं मिळेल, कोपरखैरणेच्या उकाड्यात फ्रिजमध्ये ठेवावं लागेल. शेंगदाण्याचं तेलही चालतं, मात्र ते पातळच राहतं आणि नानकटाई थोडी पसरते. वळलेले गोळे अर्धा तास गार जागी ठेवले की पसरणं कमी होतं. डालडाही वनस्पती तेलाचाच, त्यात दूध नसतं. त्यातल्या ट्रान्स फॅटवर सरकारने 2022 पासून 2 टक्क्यांची मर्यादा घातली आहे. तरी घरी करायचं तर साधं तेल बरं.

ओव्हन असेल तर 160 अंशांवर 18 ते 20 मिनिटं. नसेल तर जाड बुडाच्या कढईत मिठाचा थर द्या, त्यावर स्टँड ठेवा, झाकून दहा मिनिटं तापवा. मग ताटली आत ठेवून मंद आचेवर 20 ते 25 मिनिटं भाजा. नाचणी मुळातच काळपट असल्याने रंगावरून भाजलं की नाही ते कळत नाही. वर तडे गेले आणि खालची बाजू कोरडी झाली की उतरवा. गरम असताना ती मऊ लागते आणि हात लावला की मोडते. बिघडली असं वाटून पुन्हा भाजत ठेवू नका, गार झाली की घट्ट होते.

खरी काळजी पिठाची

ज्याला सिलिॲक हा आजार आहे त्याच्यासाठी कृतीपेक्षा पीठ कुठे दळलं हे महत्त्वाचं. या आजारात ग्लूटेन पोटात गेलं की शरीर स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर हल्ला करतं. अन्न अंगी लागत नाही. मुलांची वाढ खुंटते, पोट फुगतं, वारंवार जुलाब होतात, रक्त कमी होतं. यावर गोळी नाही, गहू जन्मभर बंद ठेवणं हाच उपाय. आणि 'थोडं खाल्लं तर काय होतंय, सण आहे' हे इथे चालत नाही. पाकिटावर ग्लूटेन-फ्री लिहायचं असेल तर किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लूटेन असावं, असा एफएसएसएआयचा नियम आहे. 20 मिलिग्रॅम म्हणजे चिमूटभरही नाही.

गावातल्या गिरणीत गव्हानंतर त्याच जात्यात नाचणी टाकली तर पिठात याहून कितीतरी जास्त गहू येऊ शकतो. आधी किलोभर तांदूळ दळून घेतले तर तो कमी होतो, पण जाईलच याची खात्री नाही. घरी दळणं सगळ्यात बरं : ज्यात गहू कधी टाकला नाही अशी घरघंटी, जुनं दगडी जातं, नाहीतर स्वच्छ मिक्सर आणि नवी चाळणी. पिठाच्या चाळणीच्या जाळीत गव्हाचं पीठ अडकलेलं असतं, ती नकोच. दळण्याआधी ज्वारी ताटात पसरून निवडा. खळं आणि मळणीचं यंत्र एकच असेल तर गव्हाचे दाणे मिसळलेले सापडतात. बेसनही विकतचं न घेता डाळ निवडून घरीच दळावं. याच कारणाने हे पीठ बेकरीच्या भट्टीत देऊ नये. तिथले पत्रे मैद्याचे आणि हवेतही मैदाच.

फराळातला छुपा गहू म्हणजे हिंग. डबीतला हिंग शुद्ध नसतो, त्यात बहुतेक वेळा मैदा किंवा तांदळाचं पीठ मिसळलेलं असतं. चिवड्यात टाकण्याआधी डबीवरचं वाचा. दुकानातल्या नाचणी बिस्किटांचंही तसंच. पुढे मोठ्या अक्षरात नाचणी आणि मागे बारीक अक्षरात पहिलं नाव मैद्याचं, असं अनेकदा दिसतं.

मुलाचं पोट दुखतं म्हणून मनानेच गहू बंद करू नका. सिलिॲकची रक्ततपासणी, टीटीजी, गहू खाण्यात चालू असतानाच बरोबर येते. आधीच बंद केला तर आजार असूनही अहवाल चांगला येऊ शकतो. तेव्हा आधी डॉक्टर, मग तपासणी, मग पथ्य. ज्यांना त्रास नाही त्यांनी चपाती सोडायचं कारण नाही. आणि नाचणीची आहे म्हणून मधुमेहवाल्यांनी डबा जवळ ओढू नये, साखर आणि तेल यातही तेवढंच आहे.

एका खोलीच्या स्वयंपाकघरात ही नानकटाई शंकरपाळीच्या आदल्या दिवशीच करून झाकून ठेवावी. मैदा मळायला घेतला की त्याची भुकटी सगळीकडे बसते. डबा वेगळा, झाऱ्या वेगळा, झाकणावर नाव. गावाला नेताना आजीला फोन करून सांगून ठेवा, म्हणजे पाहुणे आल्यावर ती करंजीच्या ताटात मांडली जाणार नाही.