प्रद्युम्नसाहेबांच्या मुंबईत दोन रविवार

लंडनच्या बेकर स्ट्रीटवर २२१ ब हा पत्ता शोधत जगभरचे लोक येतात. गंमत अशी, की कॉनन डॉयलने शेरलॉक होम्सला त्या पत्त्यावर राहायला पाठवले, तेव्हा त्या रस्त्यावरचे घरक्रमांक तिथवर पोचतच नव्हते! पुढे क्रमांक बदलले आणि १९३२ साली एका गृहकर्ज देणाऱ्या संस्थेची मोठी इमारत नेमकी त्या जागी आली. मग होम्सच्या नावाने पत्रे येऊ लागली. संस्थेने काय करावे? पत्रांना उत्तरे द्यायला चक्क एक कर्मचारी नेमला. माझी उभी नोकरी बँकेत गेली, पण असे सुखाचे टेबल माझ्या वाट्याला कधी आले नाही.

ही हकीकत मी एका रात्री जेवताना नातीला सांगितली. ती सातवीत आहे आणि आमच्या घरी 'सीआयडी' या मालिकेची सगळ्यात कडक परीक्षक आहे. हातातला घास तसाच ठेवून ती म्हणाली, "आजोबा, मग आपण आपल्या सीआयडीच्या जागा का बघायच्या नाहीत? लंडनला विमानाने जावं लागतं. इथे तर रिक्षा पुरेल." बिनतोड मुद्दा होता. येते दोन रविवार त्या कामासाठी मुक्रर झाले.

गुप्तहेरांचे वेड मला नातीच्याही वयाच्या आधी लागले. आमच्या वेळी बाबूराव अर्नाळकर होते. हजाराहून अधिक रहस्यकथा त्यांनी लिहिल्या. झुंजार, धनंजय, काळापहाड ही मंडळी आमच्या चाळीत शेजाऱ्यांइतकी ओळखीची होती. वाचनालयातून आणलेले पुस्तक रात्रीत संपवून सकाळी परत करायचे, कारण दिवसाचे भाडे वाढे. नंतर मुंबई दूरदर्शनवर बी. पी. सिंग यांची 'एक शून्य शून्य' आली. पोलिसांच्या खऱ्या प्रकरणांवर बेतलेली ही मालिका आम्ही दिवाणखान्यात दाटीवाटीने बसून पाहिली. तिच्यात शिवाजी साटम होते. त्याच सिंग यांनी जानेवारी १९९८ मध्ये 'सीआयडी' सुरू केली आणि साटम एसीपी प्रद्युम्न झाले. २०१८ पर्यंत, म्हणजे वीस वर्षे, ती चालली. डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली. साटम हे मूळचे बँकेतले, आंतरबँक नाट्यस्पर्धांतून पुढे आलेले. त्यामुळे त्यांच्याबद्दल आम्हा बँकवाल्यांना जरा भाऊबंदकीचाच अभिमान आहे.

पहिल्या रविवारी बोरिवलीहून निघालो. सुरुवात घराजवळच्या राष्ट्रीय उद्यानाने. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे जंगल महानगराच्या पोटात, वर बिबट्यांची वस्ती आणि कान्हेरीच्या शंभराहून अधिक लेण्या! पडद्यावर झाडीत प्रेत सापडते आणि अभिजीत वाकून एखादे बटण उचलतो, ते जंगल कुठले, यावर आमचा वाद झाला. नातीच्या मते हेच. माझ्या मते आरेची झाडी. झाडांवर पाट्या नसल्यामुळे वाद अनिर्णित राहिला.

तिथून गोरेगाव. १९७७ साली राज्य सरकारने उभारलेल्या चित्रनगरीच्या फाटकाशी रिक्षा थांबली. परवानगीशिवाय आत सोडत नाहीत, हे मला ठाऊक होते, नातीला नव्हते. तिने पहारेकऱ्याला विचारले, "दया सर येतात का इथे?" तो गंभीरपणे म्हणाला, "येतात, पण फाटक नाही तोडत. पास दाखवतात." त्या दिवसाचा सर्वोत्कृष्ट संवाद हाच.

दुपारी मालाडहून बस धरून मढला गेलो. एरंगळ, आक्सा, मढ या बाजूचे बंगले चित्रीकरणासाठी भाड्याने दिले जातात, हे आता सगळ्यांना माहीत आहे. एका बंगल्याच्या फाटकातून पांढरा जिना दिसला आणि आम्ही दोघे एकदमच म्हणालो, "खून!" याच जिन्यावरून एक उद्योगपती गडगडत आला होता, याबद्दल निदान आमच्या मनात तरी शंका नव्हती. आत दोरीवर वाळत घातलेले टॉवेल होते. बाहेर मासळीवाली बसली होती. ती म्हणाली, "इथे रोज कुणी ना कुणी मरतंच. संध्याकाळी उठून चहा पितात नि जातात."

दुसरा रविवार अंधेरीचा. गिल्बर्ट हिल हा काळ्या बसाल्टचा कडा सुमारे दोनशे फूट उंच आहे आणि वय साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास. वर गावदेवीचे मंदिर. पायऱ्या चढून वर गेलो, तर चहूकडे इमारती कड्याला अगदी खेटून आलेल्या. मला लहानपणची अंधेरी आठवली. तेव्हा रहस्यकथेतला निर्जन बंगला कुठे ठेवायचा, हा लेखकाला प्रश्न पडत नसे. स्टेशनपासून जरा लांब गेले की पुरे. आज उपनगरात निर्जन म्हणावी अशी जागा शोधायला खरोखरच गुप्तहेर लागेल. आमच्या धंद्यातल्या लेखकांची ही मोठीच अडचण झाली आहे. इन्स्पेक्टर घोटे हा मुंबईचा पोलीस अधिकारी निर्माण करणारे इंग्रज लेखक एच. आर. एफ. कीटिंग यांनी तर यावर वेगळाच तोडगा काढला होता. पहिली कादंबरी आली १९६४ साली आणि गृहस्थांनी मुंबई पाहिली १९७४ साली, तीही एअर इंडियाने तिकीट दिले म्हणून! दहा वर्षे त्यांनी न पाहिलेल्या शहरात गुन्हेगार पकडले.

कलिन्याला मात्र नातीचा हिरमोड झाला. डॉक्टर साळुंखे यांची प्रयोगशाळा पडद्यावर निळ्या-हिरव्या दिव्यांनी झगमगते. खरी न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा कलिन्याला आहे, १९५८ पासूनची. रविवार असल्याने रस्त्यावरूनच पाहिली. कोणत्याही सरकारी कचेरीसारखी इमारत. मी तिला सांगितले, की रक्त, व्हिसेरा, कपड्यांचे तुकडे असे मोहोरबंद नमुने इथे येतात आणि अहवालाला आठवडे, कधी महिने लागतात. आणखी एक सांगितले. राज्याच्या सीआयडीचे मुख्यालय पुण्याला आहे. मुंबईत तपास करते ती पोलीस आयुक्तांच्या हाताखालची गुन्हे शाखा. "म्हणजे एसीपी सर खोटे?" ती म्हणाली. "खोटे नाहीत, घाईत असतात," मी म्हणालो. "त्यांना पाऊण तासात आरोपी सापडावा लागतो."

हे बोललो आणि माझे मलाच काही आठवले.

अंधेरीहून मेट्रोने घाटकोपर गाठले, २०१४ साली सुरू झालेल्या त्या पहिल्या मेट्रोने, आणि तिथून लोकलने मुलुंड. मुलुंड आमच्या यादीत नव्हते. नात विचारत होती, "इथे कुठला भाग झाला होता?" एका औषधाच्या दुकानासमोर मी थांबलो. पूर्वी तिथे आमची शाखा होती.

१९८९ सालची गोष्ट. संध्याकाळी रोकड जुळेना. पन्नासच्या शंभर नोटांचे एक पाकीट, म्हणजे पाच हजार रुपये, कमी. मी रोकड विभागाचा अधिकारी होतो आणि डोक्यात अर्नाळकर होते. रोकडीच्या पेट्या उचलायला एक शिपाई असत; वयाने मोठे, आम्ही त्यांना मामा म्हणत असू. मी मनातल्या मनात दुवे जोडले. मामा दुपारी दोनला वीस मिनिटे बाहेर गेले होते. पायात नव्या कोऱ्या वहाणा होत्या. प्रश्न विचारला की खाली बघत होते. हे सगळे मी मॅनेजरांच्या कानावर घातले, आणि खोटे कशाला बोलू, आपल्या निरीक्षणशक्तीचे मला कौतुक वाटले. मामांची पिशवी तपासली गेली. जेवणाचा डबासुद्धा टेबलावर सगळ्यांसमोर उघडला गेला.

तीन दिवसांनी करन्सी चेस्टकडून निरोप आला. आम्ही पाठवलेल्या एका बंडलात दहाऐवजी अकरा पाकिटे निघाली होती. बंडलावरच्या चिठ्ठीवर तपासणीची सही होती. ती माझी होती.

मॅनेजरांनी विषय मिटवला. मामांनी दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा चहा आणून ठेवला, आणि "साहेब, साखर कमी घातलीय," म्हणाले. मी "बरं," म्हणालो. पुढची दोन वर्षे आम्ही एकाच शाखेत होतो. एवढ्या काळात मला तीन शब्द बोलायला जमले नाहीत. नंतर बदली झाली.

नातीने सगळे ऐकून घेतले. मग तिने तपासी अधिकाऱ्यासारखा एकच प्रश्न विचारला, "तुम्ही त्यांना सॉरी म्हणालात का?"

मामांची चाळ मला माहीत होती. तिच्या जागी आता टॉवर आहे. पण मूळ रहिवाशांना त्यातच घरे मिळाली होती आणि खालच्या पाटीवर त्यांचे आडनाव सापडले. नात पुढे, मी मागे, असे आम्ही वर गेलो. दार सुनेने उघडले. मामा गावी असतात, वय ऐंशीच्या पुढे, ऐकू बरे येते, असे तिने सांगितले आणि फोन लावून दिला.

मी नाव सांगितले. त्यांनी लगेच ओळखले. तब्येतीचे, पावसाचे, पेन्शनचे बोलून झाले. मग मी म्हणालो, "मामा, त्या पाकिटाच्या वेळी माझं चुकलं. सही माझी होती." पलीकडे काही क्षण नुसती कोंबड्यांची कलकल ऐकू आली.

"पाकिटाचं काय, साहेब, ते सापडलंच," मामा म्हणाले. "पण त्या डब्यात भाकरी होती नि वर लसणाची चटणी. हिने बांधून दिलेला डबा. तो तसा सगळ्यांपुढं उघडला, ते नव्हतं बरं वाटलं." थोडे थांबून त्यांनीच पुढे सांगितले, "नव्या वहाणा होत्या ना, त्या मुलीने पहिल्या पगारात घेतल्या होत्या. कुणी विचारलंच नाही."

परत येताना गाडीत खिडकी मिळाली. नात वहीत आमच्या सहलीची यादी लिहीत होती: उद्यान, चित्रनगरी, मढ, गिल्बर्ट हिल, कलिना. शेवटी तिने मुलुंड लिहिले आणि पुढे कंसात 'आजोबांची केस'. निकालाचा रकाना तिने रिकामा ठेवला. मीही तो भरायला सांगितले नाही. गणपतीनंतर मामांच्या गावी जायचे ठरवले आहे. तो प्रवास रिक्षाने होणार नाही.