आधी कॅपिटल, मागून स्मॉल

अमेरिकेतल्या चेरोकी आदिवासींच्या लिपीतला मजकूर पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, इंग्रजीच आहे पण कुणीतरी विस्कटलेलं. डीसारखं दिसतं ते 'आ', डब्ल्यूसारखं ते 'ला', एचसारखं ते 'मि', आणि एम चक्क 'लु'. संगणकाला मात्र हा घोळ होत नाही, कारण तो आकाराकडे बघतच नाही. प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये इंग्रजी डीचा क्रमांक ४४, चेरोकी 'आ'चा १३ए०. यूटीएफ-८ मध्ये साठवताना पहिल्याला एक बाइट लागतो, दुसऱ्याला तीन. आपल्या देवनागरीलाही तीनच लागतात.

पण साम्य तिथेच संपतं. आपण 'कि' लिहितो तेव्हा आत 'क' आणि वेलांटी असे दोन संकेत असतात. बॅकस्पेस दाबली की नुसती वेलांटी जाते. चेरोकीत 'मा', 'मे', 'मि' ही तीन स्वतंत्र अक्षरं, एकमेकांशी आकाराचं नातं नसलेली. प्रत्येकाला एकच संकेत. जोडाक्षरांची कटकट नाही, म्हणून फॉन्ट करणाऱ्याचं काम आपल्यापेक्षा पुष्कळ सोपं.

ही लिपी एकट्या माणसाची. सिक्वोया हा चांदीकाम करणारा चेरोकी कारागीर. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं. १८२१च्या सुमारास त्याने ८६ अक्षरं सिद्ध केली. १८२८च्या फेब्रुवारीत जॉर्जियातल्या न्यू एकोटा इथून 'चेरोकी फिनिक्स' हे वर्तमानपत्र निघालं, त्याचे खिळे बोस्टनहून पाडून आणले होते. सिक्वोयाची वळणदार हस्ताक्षरं खिळ्यांत येताना रोमन धाटणीची झाली. एक अक्षर वापरातून गळालं, उरली ८५.

१९९९ साली युनिकोडच्या ३.० आवृत्तीत ही ८५ अक्षरं आली. कॅपिटल-स्मॉल असा भेद नाही, असं धरून. खरं तर एकोणिसाव्या शतकातल्या चेरोकी छपाईत वाक्यारंभी आणि विशेषनामाला तेच अक्षर मोठ्या आकारात घेतलेलं दिसतं. चेरोकी भाषातज्ज्ञ डर्बिन फीलिंग आणि लिपी-अभ्यासक मायकेल एव्हरसन यांनी स्मॉल अक्षरांचा प्रस्ताव मांडला, आणि जून २०१५च्या ८.० आवृत्तीत ती दाखल झाली.

आता पेच असा की जुनी ८५ कॅपिटल म्हणायची की स्मॉल? तोवर सगळे फॉन्ट ती उंच, भरदार काढत होते. मजकूरही त्यांतच टाइप झालेला. म्हणून ती कॅपिटल ठरली. मला हा निर्णय बरोबर वाटतो, पण त्याची किंमत गमतीशीर आहे. रोमन लिपीत 'पुणे' कॅपिटल पीने लिहा की स्मॉल, शोधताना संगणक दोन्ही स्मॉल करून ताडतो. याला केस फोल्डिंग म्हणतात. ज्या अक्षराला एकदा क्रमांक मिळाला त्याचं फोल्डिंग पुढे बदलायचं नाही, असा युनिकोडचा शब्द आहे. जुनी चेरोकी अक्षरं आजवर जशीच्या तशी राहत होती, तेव्हा तशीच राहणं भाग. मग नव्या स्मॉल अक्षरांनाच कॅपिटलकडे वळावं लागलं. दुहेरी लिप्यांत असा उलटा कारभार फक्त चेरोकीचा. 'सगळं स्मॉल करून टाका' ही प्रोग्रॅमरची जुनी खोड इथे अंगाशी येते: जुना मजकूर स्मॉल होतो, फॉन्टमध्ये ती अक्षरं नसली की पडद्यावर रिकामे चौकोन.

जागेचीही ओढाताण झाली. मूळ वस्तीत मोजकी घरं मोकळी होती, म्हणून ८० स्मॉल अक्षरं दूर एबी७०पासून वसवली. सहाच १३एफ८पासून शेजारी राहिली.

आयफोनवर चेरोकी २०१० साली आली, जीमेलमध्ये २०१२ साली. ओक्लाहोमातल्या टाहलेक्वाच्या चेरोकी नेशनने त्यासाठी ही दोन्ही बनवणाऱ्या कंपन्यांबरोबर काम केलं. रोजचा मजकूर अजूनही बहुतेक कॅपिटलमध्येच असतो. आणि ते गळालेलं ८६वं, 'मं'सारख्या उच्चाराचं अक्षर? २०१५ साली तेही आलं, पण 'म'च्या ओळीत नाही, तिथली घरं आधीच भरलेली. ते सगळ्यात शेवटी, 'य'च्या मागे, १३एफ५ला. शिवाय त्याला स्वतःचं स्मॉल अक्षरही मिळालं.