गंगेच्या तळाशी रुपया

काशीजवळ रेल्वेगाडी मालवीय पुलावर आली की खिडक्यांतून हात बाहेर येतात आणि गंगेत नाणी पडतात. असा पैसा पाण्यातून काढणारी पोरे गंगाकाठच्या तीर्थांच्या गावी दिसतात. दोरीला बांधलेले चुंबक हे त्यांचे भांडवल. ते चालते, याचे श्रेय मात्र महागाईला.

1975 ते 1991चा रुपया तांबे-निकेलचा होता. तो चुंबकाला चिकटत नसे. 1992मध्ये स्टेनलेस स्टीलचा रुपया आला आणि चुंबकाला चिकटू लागला.

नाण्यावर कोरलेला आकडा बदलत नाही, धातूचा भाव मात्र वाढत जातो. आतला धातू आकड्यापेक्षा महाग झाला की नाणे बाजारातून थेट भट्टीत जाते. 2007मध्ये आपली नाणी बांगलादेशात नेऊन त्यांची दाढीची पाती केली जात असल्याच्या बातम्या आल्या होत्या! म्हणून सरकार नाणे हलके करते, नाहीतर धातू बदलते.

नाणे आणि धातू यांचा हा हिशेब काशीला जुना आहे. इथे टांकसाळ होती. पुढे ब्राह्मी लिपी वाचून अजरामर झालेला जेम्स प्रिन्सेप 1820पासून, 1830मध्ये ती बंद होईपर्यंत, तिथे धातूचा कस पाहण्याच्या कामावर होता. तेव्हा रुपयाची पत म्हणजे त्यातली चांदी. 1835मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने ठरवलेला रुपया 11.66 ग्रॅमचा, बारातले अकरा भाग चांदीचा. महायुद्धाच्या ओढाताणीत, 1940मध्ये, ती चांदी निम्म्यावर आली. 1947मध्ये पुरती गेली आणि निकेल आले.

नंतरची उतरण वजनाची. 1975चा रुपया 8 ग्रॅम, ऐंशीच्या दशकात 6, स्टीलचा 4.85 आणि 2011पासून 3.79. एवढे रोडावूनही भागले नाही: एक रुपया पाडायला 1 रुपया 11 पैसे लागतात, असे 2018मध्ये माहितीच्या अधिकारातून बाहेर आले.

चवली केव्हाच गेली होती. पावलीची जागा घेतलेले 25 पैसेही 30 जून 2011पासून चलनातून गेले. 50 पैसे कायद्याने अजून चालतात, पण ते दुकानदाराला सांगून पाहावे.

धनत्रयोदशीला काशीच्या अन्नपूर्णा मंदिरात भक्तांना 'खजाना' मिळतो: साळीच्या लाह्या आणि एक नाणे. ते खर्चायचे नसते, घरी तिजोरीत ठेवायचे असते. गंगेतल्या नाण्यांना तशी सुटका नाही. त्यातही 2009नंतरचा पितळी पाच चुंबकाला दाद देत नाही. त्याच्यासाठी पोरांना बुडीच मारावी लागते.