थव्याने राहणारे लहान मासे घरच्या मत्स्यालयात : झेब्राफिशचे उदाहरण

झेब्राफिश तुम्हाला भ्रूणविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकातून माहीत असेल. हाच मासा शोभेच्या माशांच्या दुकानात झेब्रा डॅनिओ या नावाने स्वस्तात मिळतो. तो मूळचा आपल्याच उपखंडातला आहे. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ साली गंगा आणि तिच्या उपनद्यांतील माशांवरील ग्रंथात त्याचे वर्णन केले. डॅनिओ हे प्रजातीनाम बंगालीतील ‘धानी’, म्हणजे भातशेतातला, या शब्दावरून आले आहे. संथ ओढे, खाचरे आणि पावसाळी डबकी ही त्याची घरे.

लांबी चार-पाच सेंटीमीटर, स्वभाव शांत, खाण्याचे चोचले नाहीत. तरीही नवशिक्यांच्या टाकीत हे मासे पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच मरताना दिसतात. बहुतेक वेळा यामागे दोन सल्ल्यांचा गोंधळ असतो. एक सल्ला सांगतो, मासे एकदम टाकू नका, दोन-दोन करून वाढवा. दुसरा सांगतो, थव्याचे मासे सहापेक्षा कमी ठेवू नका. दोन्ही बरोबर आहेत. मग करायचे काय?

आधी थवा म्हणजे काय ते पाहू. मासे केवळ सोबतीसाठी एकमेकांजवळ राहतात, तेव्हा तो सैल थवा. सगळे एकाच दिशेने, एकाच वेगाने पोहू लागले, की तो शिस्तबद्ध थवा. झेब्राफिश गरजेप्रमाणे दोन्ही करतो. शेजाऱ्याची जागा त्याला डोळ्यांनी कळते आणि पाण्याची हालचाल अंगावरच्या पार्श्वरेषेने. अनेक डोळे असले की धोका लवकर दिसतो, आणि हलत्या घोळक्यातून एकच मासा टिपणे शिकाऱ्याला अवघड जाते. दोन-तीनच मासे ठेवले तर ही सुरक्षितता नाहीशी होते. मासे कोपऱ्यात दडतात, किंवा त्यांतला दांडगा मासा उरलेल्यांचा सतत पाठलाग करतो. आठ मासे असतील तर हा त्रास एकाच्या वाट्याला न येता विखुरतो.

आता दुसरी बाजू, पाण्याची. मासे मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. टाकीत स्थिरावलेले जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही घातक आहेत. नायट्राइटमुळे रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता घटते. नायट्रेट त्या मानाने सौम्य असते. नव्या टाकीत हे जिवाणू जवळजवळ नसतातच, त्यांची पुरेशी वाढ व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. पाण्याचा पीएचही इथे महत्त्वाचा ठरतो. २५ अंश सेल्सिअसला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियापैकी सुमारे अर्धा टक्काच जास्त विषारी, मुक्त रूपात असतो; पीएच ८ झाला की हे प्रमाण पाच टक्क्यांच्या वर जाते. बोअरवेलचे पाणी बऱ्याच ठिकाणी जड आणि आम्लारी असते. अशा पाण्यात तीच चूक जास्त महाग पडते.

म्हणून टाकी माशांशिवाय तयार करावी. फिल्टर चालू ठेवून रोज चिमूटभर माशांचे खाद्य टाका. ते कुजून अमोनिया तयार होतो आणि जिवाणूंना अन्न मिळते. एखाद्या मित्राच्या जुन्या, निरोगी टाकीतला स्पंज मिळाला तर काम बरेच लवकर होते. परीक्षण संचात अमोनिया आणि नायट्राइट आधी वाढून मग दोन्ही शून्यावर आले, की सहा ते आठ मासे एकदम आणावेत. ‘दोन-दोन करून’ हा सल्ला कच्च्या टाकीसाठी होता. पक्क्या टाकीत थवा मोडून आणायचे कारण उरत नाही. पहिला आठवडाभर खाद्य मात्र कमीच द्या.

टाकी निवडताना उंचीपेक्षा लांबी पाहा. हा मासा आडवा धावतो. ६० × ३० × ३० सेंटीमीटरच्या टाकीत ५४ लिटर पाणी मावते, वाळू आणि दगड घातल्यावर त्याहून कमी. हे वजन पन्नास किलोच्या पुढे जाते, तेव्हा पुस्तकांच्या फळीवर टाकी ठेवू नका. गोल काचेचे भांडे दिवाणखान्यात छान दिसते, माशाला ते अजिबात सोयीचे नाही. झाकण हवेच, कारण डॅनिओ उड्या मारतो.

तापमान २४ ते २६ अंश उत्तम. १८ अंशांपर्यंत तो तग धरतो, म्हणून किनारपट्टीवर हीटर सहसा लागत नाही. उत्तरेकडच्या थंडीत लागू शकतो. कडक उन्हाळ्यात पाणी तापले की त्यात विरघळलेला ऑक्सिजन घटतो, तेव्हा हवेचा पंप चालू ठेवा.

दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदला. नळाच्या पाण्यातील क्लोरीन पसरट भांड्यात दिवसभर उघडे ठेवल्यास बहुतांशी उडून जाते. क्लोरामाइन मात्र तसे जात नाही, त्यासाठी दुकानात मिळणारे क्लोरीननाशक वापरावे लागते. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुतलात तर महिनाभर जोपासलेले जिवाणू वाहून जातील. टाकीतून काढलेल्याच पाण्यात तो पिळावा.

टाकी स्थिरावल्यावर एक निरीक्षण करा. काचेसमोर अचानक हात न्या. थवा क्षणात दाटतो. तो पुन्हा सैल व्हायला किती वेळ लागतो ते घड्याळावर मोजा, आणि आठवडाभर रोज त्याच वेळी नोंद ठेवा. मासे सरावले, की हा काळ कमी होताना दिसेल.